शून्य दुरुस्ती

बोरटेप, पो. कडाव, ता. कर्जत, जि. कुलाबा
९ जून १९७४

दादा,

जयभीम. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे फाडणार असशील, तर आधी एवढं वाच की आईची तब्येत बरी आहे. आता फाडायला हरकत नाही.

फाडलं नसशील तर पुढचं सांगते. दोन वर्षांत तुला लिहिलेलं हे माझं पहिलंच पत्र. साजगावच्या कारखान्यातल्या त्या मुलाला मी नाही म्हटलं, सगळ्या भावकीसमोर तू दिलेला शब्द खाली पडला, आणि तू उंबऱ्यावरूनच "आजपासून मला बहीण नाय" म्हणून भुसावळला निघून गेलास. त्याबद्दल माफी मागायला लिहीत नाही. तू सातवीत शाळा सोडलीस म्हणून मी बी.एस्सी. झाले, हे मी विसरलेले नाही. पण त्याची फेड म्हणून लग्न करणं मला जमलं नाही.

आई गुरुजींकडून तुला कार्ड लिहून घेते तेव्हा माझं नाव येऊ देत नाही. तू चिडशील म्हणून घाबरते. म्हणून मीच कळवते की मला नोकरी लागली आहे, आणि तीही आपल्याच डोक्यावर.

आपल्या वाडीच्या वरच्या माळावर घाटवारा योजनेचं केंद्र झालंय. घाटात वारा कसा वळतो, कुठे उसळतो, ते विमानवाल्यांना हवं असतं. पत्र्याची खोली, एक लोखंडी मनोरा, मनोऱ्यावर रडारची थाळी आणि डिझेलचं इंजिन. माणसं तीनच. साहेब, गजाभाऊ मिस्त्री आणि आकडेमोडीला मी. सकाळी अर्ध्या तासाची चढण चढायची, दिवस मावळायच्या आत उतरून घरी.

काम असं आहे. फुगा सोडायचा. त्याच्या खाली चांदीच्या कागदाची चकती बांधलेली असते. रडार त्या चकतीला नजरेत धरून ठेवतं. किती लांब, कुठल्या दिशेला, किती उंच, ते दर मिनिटाला लिहायचं. फुगा वाऱ्यानं वाहत जातो, म्हणजे फुगा कुठे गेला ते कळलं की वारा कळला. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "वारा मोजता व्हय? त्यो काय तांदूळ हाय?" पण त्या दिवशी ती पाणी भरायला गेली तेव्हा सगळ्या बायांना सांगत होती, आमची चंद्री वारा मोजते.

वरच्या आळीच्या चांगोकाकांनी मात्र पहिल्या दिवशी विचारलं, "वरच्या आळीतली कुणी पोर नाय मिळाली काय सरकारला?" आता तेच मला रोज विचारतात, उद्या ऊन हाय का पाऊस. आपण वारा सांगतो, पाऊस नाही, हे त्यांना कितीदा सांगायचं!

उत्तराची वाट बघत नाही. पण आलं तर बरं वाटेल.

चंद्रा


बोरटेप
३० जून १९७४

दादा,

उत्तर आलं नाही. हरकत नाही, मला सांगायला कुणीतरी हवं आहे आणि साहेबांच्या पुढे फुशारकी मारता येत नाही.

आमच्या रडारला एक खोड होती. साध्या झुळुकीलाही ते जोराचा वारा दाखवायचं. साहेब दोन महिने हैराण होते. वरच्या ऑफिसातून पत्रावर पत्र येत होतं की तुमचे आकडे विश्वास ठेवण्यासारखे नाहीत. मला म्हणाले, "बाई, बघा काही सापडतंय का." मला सापडलं.

मनोरा हलतो. रडार स्वतः हललं तर ते त्याला कळत नाही, त्याला वाटतं फुगाच हलला. चालत्या गाडीतून झाडं पळताना दिसतात, तसंच. म्हणजे आधी आपलं हलणं मोजायचं, ते फुग्याच्या हलण्यातून वजा करायचं, आणि उरेल तो खरा वारा. आपलं हलणं मोजायला न हलणारी वस्तू हवी. समोरच्या डोंगराच्या कड्यावर, दरीपलीकडे दोन मैलांवर, गजाभाऊंनी चुन्यानं एक मोठी फुली काढून ठेवलीय. मनोऱ्यावरच्या दुर्बिणीतून रोज सकाळी ती फुली बघायची. ती जागेवर दिसली की आपण जागेवर. डावीउजवीकडे दिसली तर जेवढा फरक तेवढी दुरुस्ती. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कला. आमचा सगळा व्यवहार कलांमध्ये चालतो.

वाऱ्यानं मनोरा डुलतो, तीन-चार कला इकडे, तीन-चार कला तिकडे. मी दहा-दहा वेळा बघून त्याचं कोष्टकच करून टाकलं. आकडे असे स्वच्छ झाले की साहेबांनी वरच्या ऑफिसला माझं नाव घालून कळवलं. मी ते पत्र पाहिलं. 'कु. चंद्राबाई यांनी' असं होतं त्यात.

कोष्टक वापरूनही रोज थोडी चूक उरते, तीही एकाच बाजूला. वीस तारखेला दोन कला होती, आज अकरा आहे. साहेब म्हणाले, पावसानं मनोऱ्याचा पाया बसत असेल, वजा करून टाका. "ओळखता आली ती चूक चूकच राहत नाही, बाई." मी वजा करते. वारा अगदी बरोबर येतो.

आईच्या मागच्या दाराची चौकट फुगली आहे, दार लागत नाही. पावसाळ्यात व्हायचंच. दार तासून घ्यायला कुणीतरी बघायला हवं. तू असतास तर.

चंद्रा


बोरटेप
१२ जुलै १९७४

दादा,

हे पत्र फाडू नकोस. माझ्यासाठी नाही म्हणत, आईसाठी म्हणते.

आज उरलेली चूक एकेचाळीस कला झाली. मनोऱ्याचा पाया बसत असता तर केव्हाच थांबला असता. गजाभाऊंना घेऊन मी पाया उकरून बघितला. सिमेंटला एक तडा नाही. मनोरा खोलीला धरून, खोली जमिनीला धरून, सगळं जिथल्या तिथे आहे. मग आम्ही माळावर चालत गेलो. खोलीच्या मागे चाळीस पावलांवर गवतात एक भेग आहे. माळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, कोयत्याच्या पात्यासारखी वाकडी. माझा हात कोपरापर्यंत आत गेला. पावसाचं सगळं पाणी तिच्यात उतरतंय, आणि वर कुठेच येत नाही.

मनोरा सरकत नाहीये, दादा. माळाचा पुढचा भाग सरकतोय. त्याच्या खाली बोरटेप आहे, तेवीस घरं. आपली पाच सगळ्यांत खाली, ओढ्याकडे. पण डोंगर येताना खालची-वरची आळी बघणार नाही.

मी साहेबांना सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत. भेग बघायला छत्री घेऊन आले. म्हणाले, "बाई, आपण वारा मोजायला आलोय, डोंगर नाही. अशा भेगा घाटात दर पावसाळ्यात पडतात. तुम्ही हे वर कळवलंत तर केंद्र बंद करतील. मग तुम्ही कुठे, मी कुठे?" मी म्हटलं, "आणि वाडी कुठे?" ते छत्री सावरत खोलीकडे वळले.

चांगोकाकांना सांगितलं. ते म्हणाले, "माझ्या आज्यापासून ह्यो डोंगर हितंच हाय. दुर्बिणीत बघितला म्हणून चालाय लागला व्हय?" सगळे हसले. आई नाही हसली, पण तीही घर सोडायला तयार नाही. म्हणते, "दामूनं हातानं बांधलेलं घर हाय. त्याला न इचारता मी कुठं जायाची नाय."

म्हणून लिहिते. तुझा शब्द आई मोडणार नाही. दोन ओळींचं कार्ड टाक. 'काही दिवस कडावच्या शाळेत जाऊन राहा.' एवढंच. माझं नावसुद्धा घालू नकोस. आपल्या दोघांचं काय ते पुढे बघता येईल.

तुझी
चंद्रा


कडाव
१८ जुलै १९७४

दादा,

तुझं कार्ड आलं.

गुरुजी आजारी, म्हणून ते आईला मीच वाचून दाखवलं. "आईस, घर सोडू नये. चंद्री तुला वाडीतून काढून तिच्या मर्जीने ठेवू बघते आहे. डोंगर कुठे चालतात काय. तिचं ऐकू नको. दामू." आईला अक्षर येत नाही. मला काहीही वाचता आलं असतं. 'शाळेत जा' असंसुद्धा. कार्ड हातात धरून मी तो विचार केला, आणि मग जसं होतं तसंच वाचलं. का, ते मला सांगता येत नाही.

आई चुलीपुढे बसली होती. म्हणाली, "आजून चिडलाय त्यो." मग म्हणाली, "तुझी ती दुर्बीण मला दाव."

तिला मी भर पावसात वर नेलं; पोचलो तेव्हा सर ओसरून समोरचा कडा दिसू लागला होता. साठीच्या वर आहे, पण माझ्यापुढे चढली. साहेब खोलीत होते, त्यांनी मनाई केली नाही. गजाभाऊंनी तिला शिडीवर हात दिला. दुर्बिणीच्या काचेवर दोन रेघा एकमेकींना छेदतात. मी सांगितलं, जूनमध्ये ती फुली बरोबर तिथे होती, मधोमध. आता बघ. आईनं एक डोळा पदरानं झाकला आणि बघितलं.

"फुली तर पार कडंला गेली."

"फुली नाही गेली, आई. ती समोरच्या कड्यावर आहे. आपण गेलोय."

ती शिडीवरून उतरली, भेगेपाशी गेली, तिच्या काठावर उकिडवी बसली. मग बोलायला लागली ते माझ्याशी नाही, स्वतःशीच. "मागचं दार लागत नाय. झऱ्याचं पाणी म्हैनाभर गढूळ येतंय, पाऊस थांबला तरी निवळत नाय. धोंडूच्या परसातला फणस वाकलाय, मी म्हनलं फळांच्या भारानं." उठली आणि म्हणाली, "चल खाली. डोंगर चाललाय म्हन की सरळ. कला कला काय करते?"

दादा, मी चार-पाच दिवस आकडे सांगत होते आणि कुणी हललं नाही. आई चांगोकाकांच्या अंगणात उभी राहिली आणि त्यांच्या बायकोला, धोंडूबाईला, म्हणाली, "तुझ्या फणसाचं मूळ बघ, कुठल्या अंगाला उपटलंय." धोंडूबाई बघून आली आणि तिनं भांडी बांधायला घेतली. चांगोकाका ओरडत होते, "खालच्या आळीच्या सांगण्यावरनं घर सोडू काय?" धोंडूबाई म्हणाली, "तुमी ऱ्हावा. मी म्हशी घेऊन चालले." मग तेही निघाले.

काल सगळी वाडी कडावच्या शाळेत आली. तेवीस घरं, चार वर्ग. पहिल्यांदा वरची आणि खालची आळी एका छपराखाली झोपली. पाण्याच्या पिंपावरून थोडी कुजबुज झाली, पण आईनंच पहिला तांब्या बुडवला आणि मागोमाग सगळ्यांनी.

तुझं कार्ड आईनं कंबरेच्या पिशवीत ठेवलंय. तुझा राग तिला नाही. मला आहे.

चंद्रा


बोरटेप
२७ जुलै १९७४

दादा,

आम्ही काल सगळे घरी परत आलो. आई आली, चांगोकाका आले, म्हशी आल्या. कळवावं म्हणून लिहिते.

डोंगर थांबला आहे. दरीत ढग भरलेत, समोरचा कडा आठवडाभर दिसत नाही, म्हणून साहेबांनी दोनशे पावलांवर नवा लोखंडी खांब रोवून घेतला. त्याच्याकडे बघून मी रोज मोजते आहे. मंगळवारी शून्य. बुधवारी शून्य. गुरुवारी शून्य. वजा करायला काही उरलंच नाही.

लोकांनी तरी किती दिवस राहायचं? रोपं वाढून चालली आहेत, लावणी अडली आहे, शाळेत मुलांना बसायला जागा नाही. शाळेच्या गुरुजींनीही विचारलं, बाई, अजून किती दिवस? सगळ्यांनी आकड्याची वाट बघितली, आणि आकडा चांगला आला.

आई आज घर सारवते आहे. पाऊस थोडा उघडला आहे.

चंद्रा


तार
कडाव, २९ जुलै १९७४

आई गेली. ताबडतोब ये. चंद्रा


कडाव
२५ ऑगस्ट १९७४

दादा,

तू आलास तेव्हा तीन दिवस आपण एकाच व्हरांड्यात होतो आणि तू माझ्याशी दोनदाच बोललास. आईच्या अंगावरून काढलेली ती कंबरेची पिशवी तुझ्या मांडीवर होती. तू म्हणालास, "माझ्या कार्डानं मारली गं आईला. गेलेली होती ती, माझ्या शब्दासाठी परत आली." मी तुझ्या पाठीवर हात ठेवला आणि गप्प बसले. निघताना तू म्हणालास की बारा तारखेचं पत्र फोडलंस, त्यावर कार्ड टाकलंस, आणि नंतरची दोन्ही पाकिटं न फोडता पेटीत टाकलीस. तेव्हाही मी गप्पच होते. म्हणून हे लिहिते आहे.

ती पाकिटं आता फोड. अठराच्या पत्रात कळेल की तुझं कार्ड ऐकूनही आई निघाली. तुझ्या शब्दानं तिला अडवलं नाही, आणि परतही तुझ्या शब्दानं आणलं नाही. सत्तावीसच्या पत्रावर मात्र पूर्ण विश्वास ठेवू नकोस. त्यात खोटं काही नाही, पण मी मधलं गाळलं आहे.

नवा खांब साहेबांनी रोवला, हे खरं. पण तो कुठे रोवला, ते मी लिहिलं नाही. भेगेच्या अलीकडे, आमच्याच बाजूला. जो भाग सरकत होता त्याच भागावर. म्हणजे मनोराही सरकत होता आणि खांबही सरकत होता, एका होडीत समोरासमोर बसलेल्या दोघांसारखे. एकानं दुसऱ्याकडे बघितलं तर दुसरा जागच्या जागीच दिसणार. शून्य येणारच होतं. डोंगर दिवसाला हातभर सरकला असता तरी शून्यच आलं असतं.

हे साहेबांना कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. मला कळायला हवं होतं. मीच तुला समजावून लिहिलं होतं की आपलं हलणं मोजायला न हलणारी वस्तू हवी. खांब मी डोळ्यांनी बघत होते. मंगळवारी शून्य आलं तेव्हा क्षणभर मनात आलं, हा खांब इथे कसा चालेल? आणि मी तो विचार बाजूला सारला. शाळेत सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. चांगोकाका रोज संध्याकाळी फाटकाशी उभे राहून विचारायचे, "काय गं, थांबला का?" मला 'थांबला' म्हणायचं होतं, दादा. मला शून्य हवं होतं.

गुरुवारी मी चौथीच्या वर्गात उभी राहून सांगितलं की तीन दिवस शून्य आहे, घरी जायला हरकत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई मागे बसली होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "चंद्रे, झरा आजून गढूळच हाय गं. सकाळी मी बघून आले. नक्की ना?"

मी म्हटलं, "नक्की, आई. मोजलंय मी."

ती म्हणाली, "तू मोजलंय म्हंजी झालं." आणि तिनं बोचकं उचललं.

स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं तिनं माझ्या आकड्यापुढे सोडून दिलं. तिला दुर्बिणीपाशी नेलं ते मीच, आणि तिथून तिचा माझ्यावर जो विश्वास बसला त्यानंच ती परत गेली.

सोमवारचं सांगते. सकाळी दहाच्या सुमाराला गजाभाऊ रडारखालच्या तबकडीचे स्क्रू फिरवून ती समपातळीत आणत होते. रोजचंच काम, मी कधी लक्ष दिलं नव्हतं. त्या दिवशी सहज विचारलं, "गजाभाऊ, रोज फिरवावे लागतात?"

"रोज की. तिरकीच होते सारखी."

"कुठल्या बाजूला?"

"एकाच. दरीच्या बाजूला. ह्या आठवड्यात तर स्क्रू पुरंनात, खाली पत्र्याचे तुकडे घातलेत मी." आणि ते थांबले, कारण माझा चेहरा त्यांनी बघितला. "तुमाला म्हाईत नव्हतं?"

मी बाहेर पळाले. भेगेपाशी गेले. हात घालायची गरज नव्हती, त्यात माणूस उभा राहिला असता. गजाभाऊंना ओरडून सांगितलं, तुम्ही वरच्या अंगानं निघा, आणि मी सोंडेच्या पायवाटेनं खाली धावले. धावताना ओरडत होते. लावणीची माणसं ओढ्यापलीकडच्या खाचरात होती, त्यांनी मान वर करून बघितलं. चांगोकाकांनी हात हलवला. त्यांना वाटलं मी नेहमीसारखी काही सांगायला येतेय. मी ओढ्याच्या काठापर्यंत आले होते, दादा. आपलं घर समोर दिसत होतं. आई मागच्या दाराशी उभी होती, हात शेणानं भरलेले. तिनं मला बघितलं.

आवाज आधी आला नाही. आधी झाडं हलली, सगळी एकदम, वारा नसताना. मग आवाज आला.

सात माणसं गेली. आई, धोंडूबाई, वरच्या आळीतले दोन म्हातारे, एक बाळंतीण आणि तिचं सहा दिवसांचं मूल, आणि आपल्या आळीतली, तापानं झोपलेली मंगळी. बाकीचे लावणीला होते म्हणून वाचले. लावणी अडली म्हणून घाईनं परतले आणि लावणीनंच वाचवलं, असं आता लोक म्हणतात. गजाभाऊ वाचले. पत्र्याची खोली आणि मनोरा गेला. खांबही गेला. त्यामुळे तो कुठे होता हे आता फक्त तिघांना माहीत आहे.

आणि इथेच मला राहवत नाही. चांगोकाका साऱ्या तालुक्यात सांगत फिरतात, "पुतळाबाईच्या पोरीनं आदी सांगितलं हुतं, सायबानं तिचं ऐकलं नाय." बायको गेली त्यांची, आणि ते येता-जाता माझ्या डोक्यावरून हात फिरवतात. गेल्या आठवड्यात मला पेरू आणून दिले. मी ते खाल्ले, दादा. समोर उभे होते म्हणून खाल्ले.

परवा साहेब आले. थकलेले दिसतात. बरोबर एक टाइप केलेला कागद होता. त्यात लिहिलंय, 'दिनांक २३ ते २९ जुलै या काळात नोंदलेली दुरुस्ती शून्य होती, सबब दरड कोसळण्याची कोणतीही पूर्वसूचना उपकरणांवरून मिळणे शक्य नव्हते.' खाली माझ्या सहीची जागा. म्हणाले, "यातला एक शब्द खोटा नाही, बाई. वही बघा." खरंच नाही. मग म्हणाले, केंद्र पुन्हा उभं करायचं ठरतंय, पलीकडच्या सोंडेवर, आणि माझी जागा कायम होईल. त्या सोंडेच्या खाली ठाकरांची चौदा घरं आहेत. मी काल गजाभाऊंना घेऊन तिथे गेले. तिथला झरा गढूळ आहे.

मी सही केलेली नाही. बुधवारी कर्जतच्या मामलेदार कचेरीत चौकशी आहे. खांब कुठे होता ते मी सांगणार. वीस जूनपासून बावीस दिवस मी डोंगराचं सरकणं नुसतं वजा करत राहिले, तेही सांगणार. आणि लोकांना परत जा म्हणून सांगितलं ते साहेबांनी नाही, मी सांगितलं, हेही. गजाभाऊ स्क्रूचं सांगायला तयार आहेत. त्यांची नोकरी जाईल बहुतेक. माझी तर जाईलच.

तू ये असं म्हणत नाही. फक्त आईच्या बाबतीत तुझ्या मनात जे बसलंय ते काढून टाक. ते तुझं नव्हे. हे तुला कचेरीतून किंवा कुणाच्या तोंडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून आजच टपालात टाकते. यानंतर तू मला बहीण म्हणायचं नाही असं ठरवलंस, तर यावेळी त्याला कारण असेल.

अकरा वाजता माझं नाव पुकारतील. चांगोकाका पुढच्या बाकावर बसलेले असतील, मला धीर द्यायला. मी त्यांच्याकडे बघूनच सांगणार आहे.

चंद्रा